चौदा ब्रास मातीचा पंचनामा कोण करणार?

राजूर, ता. भोकरदन



गावातल्या कोणा गरिबाने घराच्या पायासाठी नाल्यातून एक ब्रास मुरूम परवान्यावाचून उचलला, तर दुसरे दिवशी तलाठी दारात उभा राहतो. पंचनामा होतो, ट्रॅक्टर अडकवून ठेवतात, दंडाची नोटीस हाती पडते. सरकारची माती सरकारास न विचारता नेली, हा गुन्हा! त्याविषयी आमचे भांडण नाही. आम्ही फक्त एक हिशेब विचारतो. एका एकराच्या रानावरून एक सेंटिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर माती किती गेली? चाळीस घनमीटर. ब्रासात मोजाल तर चौदा ब्रास. पाच एकरांच्या धन्याची सत्तर ब्रास. ह्या मातीचा पंचनामा कोणी केला आहे काय? तिच्यासाठी कोणास नोटीस गेली आहे काय? मुरमाला वाली आहे, वाळूला वाली आहे. ज्या मातीत ज्वारी पिकते तिला मात्र कोणी वाली नाही!

कोणी म्हणेल, एक सेंटिमीटर माती जाण्यास शंभर वर्षे लागत असतील, मास्तर उगाच भिववतात. तर ऐका. ध्रुवनारायण व राम बाबू या दोघां शास्त्रज्ञांनी १९८३ साली साऱ्या देशाचा हिशेब मांडला. दर वर्षी दर हेक्टरी सरासरी सोळा टनांहून अधिक माती जागची हलते, असे त्यांस आढळले. म्हणजे एकरी साडेसहा टन, सुमारे दोन ब्रास. ह्या चालीने चौदा ब्रास जाण्यास सात-आठ वर्षे पुरतात. बापाने पोराच्या नावे सातबारा केला, तेव्हा कागदावर पाच एकर उतरले; पण बापाने आजाकडून घेतलेली माती त्यात होती का, हे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते. आणि एवढी माती नव्याने तयार व्हावी म्हटले तर खडक कुजून तिची माती होण्यास शेकडो वर्षे जातात. ती कोणत्याही कंपनीच्या गोणीत मिळत नाही.

जाते कोठे? आमच्या भोकरदन तालुक्याचे पाणी केळना आणि गिरजा ह्या नद्यांवाटे पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे खडकपूर्णेच्या धरणात जाते, ज्यास लोक संत चोखासागर म्हणतात. त्याच्या खाली येलदरी. त्याच शास्त्रज्ञांच्या हिशेबात, हललेल्या मातीपैकी सुमारे एक दशांश देशातल्या धरणांच्या तळाशी बसते आणि सुमारे तीन दशांश समुद्रास मिळते. तेव्हा आमच्या रानाचे नुकसान एकदा होत नाही, दोनदा होते. वर रान उथळ झाले, खाली धरण उथळ झाले. वरच्याला ओल धरवत नाही, खालच्याला पाणी साठवत नाही. आणि जी जाते ती तळची निबर माती नव्हे. शेणखत, पालापाचोळा, उकिरड्यावरून डोक्यावर वाहिलेली पाटी, उसनवारीने आणलेली खताची गोणी, हे सारे ज्या वरच्या थरात असते तोच थर आधी जातो. खताचे पैसे आम्ही दुकानदारास देतो, आणि खत पूर्णामाईच्या ओटीत घालतो!

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला, ते वाचकांस सांगावयास नको. नुसती पिके गेली नाहीत. कित्येकांची जमीनच खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. मग ऑक्टोबरात सरकारने मदत जाहीर केली. खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीच्या कामातून हेक्टरी तीन लाखांपर्यंत, असे सांगितले. दिले ते चांगलेच केले. पडलेल्या माणसास हात देणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु विचार करा, सरकारच्याच तोंडाने ठरले की खरडलेली एक हेक्टर जमीन पुन्हा उभी करण्यास लाखांत खर्च आहे. मग ती खरडू नये म्हणून बांधावर वाळ्याचे ठोंब आणि गिरीपुष्पाच्या फांद्या लावण्यास किती लागला असता? बैल गेला आणि झोपा केला, अशी ही तऱ्हा. आणि नवी माती आणावयाची ती तरी कोठून? एका शेतकऱ्याच्या रानात भरावयाची माती दुसऱ्या कोणत्या तरी तळ्यातूनच किंवा टेकाडावरूनच उपसावी लागणार ना!

आता शहाणे लोक काय म्हणतात तेही पाहू. ते म्हणतात, शेतकरी अडाणी, त्याला मातीची किंमत नाही. काय हो, हा आरोप नवा आहे काय? महात्मा जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की डोंगररानातला कुजलेला पाला पावसाबरोबर शेतात उतरतो, तोच शेताचा कस; सरकारने रिकाम्या बसलेल्या फौजेला व पोलिसांना कामाला लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीस मिळेल. जंगल खात्याने गोरगरिबांची चराई बंद केली, त्याचाही समाचार त्यांनी त्याच पुस्तकात घेतला. ही गोष्ट एका माळ्याच्या मुलाने सांगितली, तेव्हा देशात मृदसंधारणाचे खाते नव्हते, त्या खात्याचे साहेब नव्हते आणि त्यांची जीपही नव्हती. पुढे १९८० च्या दशकात जागतिक बँकेचे तज्ज्ञ वाळ्याच्या गवताचा प्रसार करू लागले. तेव्हा त्यांस असे दिसले की कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या आपल्या बांधावर वाळा राखून आहेत. म्हणजे शिकवावयास आलेल्यास शिकावे लागले! शेतकरी अडाणी नव्हता. त्याची विद्या कोणी कागदावर उतरवली नाही, एवढाच त्याचा दोष.

आमच्या आज्या-पणज्यांचा बांध कसा होता, ते म्हाताऱ्यांस विचारा. दोन हात रुंद. त्यावर बाभूळ, बोर, तरवड, निरगुडी, शिंदी, घायपात, सीताफळ. त्याच्या पायाशी मारवेल, पवना, हरळी. त्या बांधावर नुसता कुणबी जगत नव्हता. सुताराचे औत आणि गाडीचा आख बाभळीतून निघे. लोहाराच्या भात्याला कोळसा तिचाच. ढोर कातडे कमावी ते तरवडाच्या सालीने. मांगाचा दोर घायपाताचा, केरसुणी शिंदीची. बुरडाची पाटी ओढ्याकाठच्या बांबूची. धनगराच्या शेळीला बोरीचा पाला. गावगाड्यात न्याय होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बलुत्याच्या नावाखाली काहींच्या हाती सूप आणि काहींच्या हाती केवळ उष्टे, हे आम्ही जाणतो, आणि तो गाडा पुन्हा जोडावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु बांध गेला तेव्हा कुणब्याची माती गेली, आणि तिच्याबरोबर कारागिराचा कच्चा मालही गेला, हे ध्यानात धरा. आज नायलॉनचा दोर शहरातून येतो, प्लास्टिकची पाटी शहरातून येते, आणि दोर वळणाऱ्याचा पोर पुण्याकडे मजुरीस जातो.

आता बांध कोणी फोडला? येथे आम्ही आपल्याच माणसांस चार शब्द सुनावणार आहोत. राग मानू नका. जहागीरदाराने फोडला नाही. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले, १९४९ साली जहागिऱ्या मोडल्या. त्यानंतरच्या बांधांचा जाब आपणासच द्यावा लागेल. दरसाल नांगराचे एक तास बांधात घालावयाचे, एक वीत सरकावयाचे. शेजाऱ्यानेही पलीकडून तेच करावयाचे. दोन हातांचा बांध वीतभर झाला, वीतभराची नुसती रेघ झाली, आणि त्या रेघेवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. एका तासाच्या लोभाने मिळविलेली जमीन मोजणीच्या फीत व वकिलाच्या घरात गेली, आणि बांधाने धरलेली माती ओढ्यात गेली. मारामारी आमची, मुकदमा आमचा, माडी मात्र तिसऱ्याचीच!

दुसरी चूक वाटणीची. वरचे रान हलके, खालचे भारी. प्रत्येक भावास दोन्ही मिळावे म्हणून माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या पाडतात. न्याय दिसतो खरा. परंतु पट्टी अरुंद झाली की औत आडवे वळत नाही, म्हणून नांगरट उभी, पेरणी उभी. प्रत्येक तास म्हणजे पाण्यास खाली पळण्याची पन्हळ. पेरणी उताराला आडवी केली तर तीच तासे पाणी अडवितात. वाटणी कागदावर हवी तशी करा, पण नांगरट चौघा भावांनी मिळून एकाच दिशेने, आडवी का करू नये? लग्नाच्या मांडवात एकत्र बसता, ट्रॅक्टर भाड्याने एकच आणता, मग उताराला आडवे चालण्यात कोणाची अब्रू जाते?

आता सरकारच्या झाडांकडे वळू. २०१६ साली दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहेतीस कोटी. आकडे कसे वाढले पाहा; रोपांना आकड्यांचे खत घातले असते तर आज महाराष्ट्र नंदनवन झाला असता! पुढे २०२१ साली ह्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची पाळी आली. आम्हां शाळामास्तरांस हा सोहळा जवळून ठाऊक आहे. वरून फर्मान येते, पोरे रांगेत उभी करावयाची, पाहुण्याच्या हाती झारी द्यावयाची, फोटो काढून त्याच दिवशी वर पाठवावयाचा. रोप जगले का, हे विचारणारे फर्मान मात्र क्वचितच येते. पुढल्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरे रोप! आणि लावतात ते कोठे? सपाट मैदानात, कचेरीच्या आवारात, सडकेच्या कडेस, जेथे गाडीतून उतरल्याबरोबर फोटो निघतो तेथे. ज्या उतारावरून माती सुटते त्या उतारावर चढून जाण्यास पाहुण्याचा जोडा तयार नसतो.

नाल्यांचेही तेच. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार सुरू झाले. त्या योजनेच्या कागदात माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार लिहिलेले होते. प्रत्यक्षात बहुत ठिकाणी यंत्र आले ते पायथ्याला, आणि नाला खोल व रुंद करून गेले. कारण उघड आहे. यंत्राच्या तासांचे बिल निघते, उपसलेल्या घनमीटरांचे बिल निघते. गवताच्या ठोंबाचे बिल किती निघणार? कंत्राटदारास गवतात रस नाही. आणि माथा उघडा ठेवून नाला खोल केला, म्हणजे वरची माती पडण्यास मोठी पेटी करून दिली इतकेच. चार पावसाळ्यांनी नाला पुन्हा भरतो, यंत्र पुन्हा येते, बिल पुन्हा निघते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते!

आणि आमच्या राजुराची एक गोष्ट. राजुरेश्वराचा डोंगर साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध. अंगारकीला येथे माणसांचा पूर लोटतो. प्रत्येकाच्या हाती एकवीस दुर्वांची जुडी. दुर्वा म्हणजे काय? आपली हरळीच की! पेऱ्यापेऱ्याला मूळ धरून माती कवटाळून बसणारे गवत. देवाच्या डोक्यावर वाहिली तर पुण्य, आणि बांधावर उगवली तर तणनाशक! हरळी पिकात शिरली तर वैरीण आहे, हे आम्हांस कबूल. तिच्या काशा वेचता वेचता बाईमाणसाची कंबर मोडते. पण बांधावर तिची जागा आहे. देवास जुडी वाहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या बांधाची हरळी तेवढी मारू नये, एवढे व्रत कोणा पुरोहिताने सांगितलेले आम्ही ऐकले नाही. त्या व्रतास दक्षिणा नाही, हेच कारण असावे.

आता काय करावे ते सांगतो. नुसत्या शिव्या देऊन माती थांबत नाही.

पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो, मातीचे कण उडतात, बारीक गाळाने छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाहू लागते. म्हणून केवळ उंच झाड लावून भागत नाही. उंच झाडाखाली जमीन बोडकी असेल, तर पानावरून गळणारा मोठा थेंब तिलाही उकरतो. झाड, झुडूप, गवत आणि खाली पाला, असे थर पाहिजेत. दुसरे असे की आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. नुसता मातीचा बांध घातला तर तो तडकतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. मुळांनी विणलेला बांध लवकर फुटत नाही. पाणी त्यातून गाळून जाते, माती मागे राहते, आणि वर्षागणिक तेथे आपोआप पायरी चढते.

तेव्हा उताराला आडव्या बांधावर वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने, सलग लावा. त्याचे मूळ सरळ खाली जाते, पिकाच्या तोंडचा घास हिरावीत नाही. ते बियांनी रानभर पसरतही नाही. मधून मधून गिरीपुष्प. त्याची फांदी छाटून रानात टाकली म्हणजे हिरवळीचे खत फुकट. हलक्या माळावर सीताफळ, ज्यास शेळी तोंड लावत नाही. ओढ्याच्या काठी बांबू, करंज, शिंदी. जेथे घळ पडू लागली आहे तेथे निरगुडी व घायपात. बाभूळ-बोर हवीच, पण एकेकटी, लांब लांब. हे सर्व मिरगाच्या पहिल्या ओलीवर. पहिली दोन वर्षे जनावरांपासून राखा, मेलेल्या जागी नवे ठोंब भरा. एक हात जागा सुटली तरी भोक पडलेल्या पोत्याप्रमाणे सारे पाणी तेथूनच जाईल.

शंका : सावलीने पीक बसते, पाखरे येतात. उत्तर : बाभळीखालची दोन तासे बसतात, खरे आहे, म्हणूनच दाट उंच झाडे लावू नका, कमरेएवढी झुडपे ठेवा आणि दरसाल छाटा. शंका : झाड वाढले तर तोडावयास परवाना लागतो. उत्तर : ही तक्रार खरी आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने ठराविक जातींची झाडे स्वतःच्या रानातलीही परवान्यावाचून तोडता येत नाहीत. आपल्याच झाडासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार असतील, तर शहाणा माणूस रोपच उपटून टाकतो. लावणाऱ्यावर विश्वास टाकल्यावाचून लावणारे वाढणार नाहीत. पण वाळा, गिरीपुष्प, सीताफळ, निरगुडी ह्यांस तर परवाना आडवा येत नाही ना? मग तेथून तरी आरंभ करा.

एक गोष्ट मात्र आम्ही ठासून सांगतो. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली की लोक टाळ्या पिटतात. हिवरे बाजारसारख्या गावांनी ती करून दाखवली, आणि त्याचा गुणही दिसला. परंतु चार शेळ्यांवर पोट असलेल्या भूमिहीन बाईस नुसते 'डोंगर बंद' म्हणून सांगणे म्हणजे धनवंताच्या विहिरीचे पाणी गरिबाच्या पोटावर वाढविणे होय. डोंगर राखला तर विहिरीला पाणी येते, विहीर कोणाची? ज्याला जमीन त्याची. म्हणून डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा, घायपात, शिंदी व बांबूचा पहिला हक्क कारागिरांचा, असे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या. हक्क असला म्हणजे राखण आपोआप होते. पहारेकरी नेमावा लागत नाही.

हे होईल का, असे विचारणाऱ्याने आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीस जाऊन यावे. जालना तालुक्यातले हे गाव. १९९६ ते २००२ ह्या काळात, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने गावकऱ्यांनी माथ्यापासून काम धरले. आधी डोंगरावर समतल चर व झाडे, मग रानांची बांधबंदिस्ती, शेवटी नाला. आमच्याचसारखा पाऊस पडणाऱ्या ह्या गावात आज द्राक्षाचे मळे आहेत. तेथेही पाण्याचा उपसा वाढण्याची काळजी आहेच. पण अडचण आहे ती जास्त पिकल्याची, आमच्यासारखी माती गेल्याची नव्हे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. सरकारी रोजगाराच्या कामात जिवंत बांधाचे काम मीटरावर मोजून धरावे, आणि त्याची मजुरी रोप लावल्यावर अर्धी व दोन पावसाळ्यांनी रोप जिवंत दिसल्यावर अर्धी द्यावी. रोपवाटिका कंत्राटदारास न देता गावच्या बायकांच्या गटास द्यावी. माथा झाल्यावाचून पायथ्याच्या यंत्राचे बिल निघू नये. हे मागण्यात भीक नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांच्या बळावर ह्या राज्यास १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करावा लागला. त्या हातांना मागण्याचा अधिकार आहे.

आणि आपल्या हातचे काम कचेरीवर ढकलू नका. येत्या उन्हाळ्यात शेजाऱ्यास हाक मारा, दोघांनी दोरी धरा, प्रत्येकाने वीतभर जागा सोडा आणि बांध पुन्हा हातभर रुंद करा. जो आधी वीत सोडील त्याला गाव मूर्ख म्हणेल, म्हणू द्या. त्याच्या रानाची चौदा ब्रास माती त्याच्याच रानात राहील, आणि त्यासाठी त्याला कोणा तलाठ्याचा पंचनामा लागणार नाही.

— राजूरचा एक शाळामास्तर